देवीच्या डोहातली नथ

तुम्ही पाहिलं होतंत. पलीकडच्या काठावर, करंजाच्या आड उभं राहून सगळं पाहिलंत, एकदा खाकरलात आणि निघून गेलात. ओरडला असतात तर जे व्हायचं ते त्याच दुपारी होऊन गेलं असतं. अगदी गप्प राहिला असतात तर आम्हीही कदाचित गप्प झोपलो असतो. पण तुम्ही नुसतं खाकरलात! तुम्ही बाई की बाप्या, आमच्या वाडीतले की परके, मला आजही ठाऊक नाही. त्या एका खाकरण्यापायी मी तीन आठवडे आढ्याला थरथरत काढले.

मी गळाची काठी बोलतेय. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, जिथे सावित्री अजून उडी मारून ओलांडता येते, तिथल्या बांबूच्या बेटात माझा जन्म झाला. गोमाजीनं मला तोडलं, निखाऱ्यावर शेकून माझी वाकडी पेरं सरळ केली, पायाला दगड बांधून चुलीवर टांगलं. एक अख्खा पावसाळा मी धूर खाल्ला. मग शेंड्याला मेण चोळलेली सुताची दोरी आली, तिच्यावर तरंगायला मोरपिसाच्या देठाचा तुकडा आला, आणि मी कामाला लागले.

माझ्यात चाक नाही की यंत्र नाही. मासा जड लागला तर दोरी सैल सोडायची सोय नाही. ओढ बसेल ती माझ्या पाठीला आणि धरणाऱ्याच्या मनगटाला.

पुढं गोमाजी दासगावच्या धक्क्यावरून आगबोटीत बसला आणि मुंबईच्या गिरणीत गेला. शिमग्याला आला तेव्हा त्यानं एक पिवळाधमक, चकचकीत गळ आणला. साऱ्या वाडीला हातात देऊन दाखवला.

"इलायतेचा हाय, काकी! गंजत नाय, मोडत नाय."

शेजारची प्रयागबाई फटकळ. ती म्हणाली, "येवढा चकचकतोय तर मासळीला कशाला रे? बायकोच्या नाकात घाल."

सगळे हसले. गोमाजीची बायको रखमा पदराआड हसली. सण सरला, गोमाजी बोटीनं परत गेला, आणि मी रखमाच्या हाती आले. आमच्याकडे बायका मासे धरतात ते टोपलीनं, नाहीतर लुगड्याच्या धडप्यानं. काठी पुरुषांची. का? नदीला काय कळतं, काठी कुणी धरलीय ते? पण लोकांना कळतं. लोक बोलले. रखमानं ऐकलं, आणि गळ टाकत राहिली.

भादव्यात तिची सासू येसूबाई अंथरुणाला खिळली. भाताचा घास तोंडात घोळवायची आणि थुंकायची.

"गो रखमे, येक डाव माशाचं कालवन दे. मंग मरते."

"मरायचं कशाला, आत्याबाय? खाऊन बऱ्या व्हा."

"तू दे तरी. मरायचं माझं मी बघीन."

नदी गढूळ होती. तीन दिवस आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. चौथ्या दुपारी रखमा नेहमीच्या जागेवर थांबलीच नाही. ती वर चालू लागली, आणि मला कळलं ती कुठं निघाली आहे. मी हातातून निसटायला पाहिलं, दोनदा झाडोऱ्यात अडकले. तिनं मला सोडवून घेतलं.

वर देवीचा डोह आहे. त्यातले मासे देवीच्या माहेरवाशिणी. मंगळवारी त्यांना भात घालतात, हात मात्र कुणी लावत नाही. लावला तर घर वाळीत. वाळीत म्हणजे काय ते मी पाहिलं आहे. वरच्या आळीतल्या एका घराला कुणी चुलीला विस्तव देईना. त्या घरचा म्हातारा गेला तेव्हा खांद्याला माणूस मिळाला नाही. लेकानं बापाला पाठुंगळी घेऊन मसणवटीत नेलं. आता येसूबाई मरायला टेकलेली, घरचा पुरुष मुंबईत. आमच्या घराला चार खांदे लागणार होते, आज नाहीतर उद्या. हे रखमाला माहीत होतं. तरी तिनं गळ टाकला.

मासा लागला तो असा की माझी पेरं कडकडली. सोनेरी खवल्यांचं ते धूड एकदाच वर आलं, त्यानं रखमाकडे बघितलं आणि ते खाली गेलं. दोरी तुटली. चकचकीत गळ त्याच्या ओठात राहिला.

तेवढ्यात तुम्ही खाकरलात.

रखमानं मला आढ्यात खुपसलं. दोनदा जाळायला म्हणून काढलंही. चुलीची धग लागली आणि माझा जीव गोळा झाला. पण बांबू जळताना बार काढतो, आणि शेजार ऐकतो. तिनं मला पुन्हा वर सारलं. दारात पाऊल वाजलं की रखमा आधी आढ्याकडे बघायची.

आठव्या दिवशी वाडीत आरोळी उठली. कुशाबा गुरव भात घालायला गेला होता. तो धावत आला. "गो बायांनो, देवीनं लेकीला नथ घातली! सोन्याची नथ! या डोळ्यांनी बघितली!"

लोक लोटले. सवहून आले, पाचाडहून आले. फुलं, खण, नारळ. दारावरून जाणाऱ्यांचं बोलणं मी आढ्यातून ऐकत होते. शिमग्याला ज्या हातांनी तो गळ धरून पाहिला होता, तेच हात आता जोडलेले होते! मला ओरडावंसं वाटे. आणि ओरडता येत नाही याचं, खरं सांगते, बरंही वाटे. तळ्याच्या पाण्यापायी माणूस माणसाचं डोकं फोडतो हे तीन-चार वर्षांमागं महाडनं पाहिलं. हे तर देवीचं पाणी.

मग प्रयागबाई सांगून गेली, "नथवाली खात नाय गो. भात तोंडापुढनं जातो, ती आ करीत नाय. कुशाबा म्हनतो, उपास धरलाय."

उपास नव्हता तो. गळानं ओठ शिवला गेला होता. भरल्या डोहात, हात जोडलेल्या शेकडो माणसांसमोर एक जीव भुकेनं मरत होता, आणि खरं काय ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

मंगळवारी नथवालीची ओटी भरायचं ठरलं. रखमानं सासूला पेज पाजली, मला आढ्यातून ओढलं आणि तुटकी दोरी लोंबत तशीच भर गर्दीतून डोहावर नेली. इतकी माझी कधी घाबरगुंडी उडाली नव्हती.

"ती नथ नाय," ती म्हणाली. मागच्यांना ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा म्हणाली. "गळ हाय. आमच्या घरचा. मी टाकला."

ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली, भाताची मूठ धरून उभी राहिली. मासा अशक्त होऊन काठालाच आला होता. तिनं त्याला पोटाखालून उचललं, गळ फिरवून काढला. रक्ताची एक रेघ पाण्यात गेली. मासा थोडा वेळ तिच्या मांडीशी थांबला, मग गेला. भात त्यानं खाल्ला की नाही, ते मला दिसलं नाही.

आता मी देवळापुढं, गावकीच्या मधोमध पडले आहे. पुरावा म्हणून. रखमा पायरीखाली उभी आहे, लुगडं अजून ओलं. गावकीचा म्होरक्या सयाजी बोलतो आहे, आणि त्याचा पाय माझ्या पाठीवर आहे. मी एकदा कडकडले की संपलं. पण मला स्वतःचं भय आता कमी वाटतं. ऐकणाऱ्यांनो, मला मोडा, जाळा, बार निघू द्या. त्या बाईनं साऱ्या गावादेखत खरं सांगितलं, तेवढ्यासाठी तिच्या म्हातारीचं मढं घरात कुजू देऊ नका.

"इस्तू बंद, पानी बंद," सयाजी म्हणाला. "आन म्हातारी जाईल तवा खांदा कोन देतो, त्ये बघूच."

सगळे बाप्ये एक पाऊल मागं सरले. मागं बायकांच्या घोळक्यात प्रयागबाईनं तंबाखूची पिंक टाकली.

"चार बाया पुरत्यात की रे, सयाजी. रोज दोन-दोन हंडे चढावर आनतो आमी. येसू काय त्याहून जड हाय?"