फाटा न फोडता

देवानंद मोखाड्याहून जीपमध्ये बसला तेव्हा तोंडात एकच वाक्य घट्ट धरून होता. "मी भट्टीवर जात नाही, तू घरी चल." बास. एवढं बोलायचं आणि प्रमिलाला घेऊन यायचं.

पण हा माणूस मीठ मागायला गेला तरी समुद्रापासून सुरुवात करणार! भिवंडीच्या वीटभट्टीवर चार महिने जायचं त्यानं कबूल केलं होतं. ते बायकोला सांगायला तीनदा बसला, तीनदा भलतीकडेच पोचला. शेवटी तिला ते शेजारणीकडून कळलं. "सरळ बोलता येईल तेव्हा ये न्यायला," म्हणाली, आणि पिशवी भरून माहेरी दाभोशाला निघून आली.

अंगणात सासरा बारक्या टोपली विणत होता.

"या पाहुणे. जीप भरलेली काय?"

झालं! जीप भरलेली होती, त्यात एकाचा बोकड होता, बोकडानं एका बाईची मेथीची जुडी खाल्ली, ती बाई निघाली देवानंदच्या शेजारच्या मधूची मावशी. सासऱ्याकडंही एक बोकड होताच सांगायला. दोघं रंगले.

प्रमिला दारात नागली पाखडत होती. "फाटे फोडून झाले की हाक मारा," म्हणाली आणि आत वळली.

देवानंद धडपडत उठला. "अगं, नाही... तुझी साड्या ठेवायची टोपली आहे ना, त्यात लाल कोंबडी खुडूक बसलीय. नऊ अंडी. मी हलवली नाही. एकवीस दिवस तिचं दाणापाणी बघायचं, म्हणून भट्टीच्या मुकादमाला म्हटलं जमायचं नाही, तर त्या मुकादमाचा भाऊ माझ्याच वर्गात, एका पायानं जरा..."

"थांब. काय म्हणालास?"

"एका पायानं..."

"त्याच्या आधी."

"एकवीस दिवस."

"मधलं रे!"

देवानंदला आठवायला लागलं. "मुकादमाला नाही म्हटलं."

"आणि कोंबडी उठल्यावर?"

"तरी नाही जाणार."

प्रमिलानं सूप तोंडापुढं धरलं, पण खांदे हलत होते. 

"मग बोकडाचं काय झालं?" बारक्यानं विचारलं.

निघताना तिनं बजावलं, "जीप फाट्यावर मिळेल. तोवर तुझा एकही फाटा नको."

देवानंद खरंच गप्प चालला. नदीचं वळण आलं, तरी गप्प. प्रमिलाला करमेना.

"कुठल्या साडीवर बसलीय रे? लग्नातल्या?"

उत्तर 'हो' किंवा 'ना', एका अक्षराचं होतं. देवानंदनं घसा साफ केला.

"त्याचं असं झालं..."

प्रमिलानं पिशवी त्याच्या खांद्यावर दिली आणि चाल कमी केली.