घळीची सासूबाई

मी एक जुनी हिंगाची मुळी आहे. जाड, ओबडधोबड आणि नाकाला नको वाटणारी. माझा वास तुम्हाला ठाऊक आहे. आमटीला फोडणी देताना चिमूटभर टाकता ना, तोच. फक्त इथे, समनगानच्या अफगाण डोंगरांत, तो चिमूटभर नसतो. मेंढ्यासुद्धा मला वळसा घालून जातात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. कुणाच्या तोंडी न पडण्याचा तो चांगला उपाय आहे.

मित्रांनो, आमच्या जातीचं नशीब जरा चमत्कारिक असतं. दर वसंतात बर्फ वितळलं की आम्हाला पानं फुटतात, उन्हाळ्यात ती जळून जातात आणि सगळी कमाई खाली मुळीत साठते. अशी पुष्कळ वर्षं गेली की एकदाच, फक्त एकदाच, डोक्यावर माणसाएवढा दांडा उभा राहतो. त्याला पिवळा फुलोरा येतो, बी धरतं, वाऱ्यानं घळभर पसरतं आणि आम्ही मरतो. मरण्याचं आम्हाला काही नाही. पण बी न धरता मरणं म्हणजे जन्म फुकट गेला.

हिंग मात्र त्या दांड्याच्या आधीच काढावा लागतो. खालच्या गावचे नियाझबाबा हे काम करत. मुळीभोवतीची माती हातानं उकरायची, माथा सुरीनं कापायचा आणि पाझरणारा चीक उन्हानं करपू नये म्हणून वर काटक्या-दगडांचा आडोसा करायचा. काही दिवसांनी येऊन घट्ट झालेला चीक खरवडायचा आणि पुन्हा एक चकती कापायची. मुळी कोरडी पडेपर्यंत हे चालतं. माझ्या कितीतरी बहिणी माझ्या डोळ्यांदेखत अशा संपल्या.

पण गावात एक रीत होती. प्रत्येक घळीत एक मुळी बियाण्यासाठी सोडायची आणि शेजारी काठी रोवून तिला लाल चिंधी बांधायची. चिंधीवालीला कुणी सुरी लावत नसे. आमच्या घळीत ती चिंधी मला मिळाली. नियाझबाबा सोबतच्यांना बजावत, "ही घळीची सासूबाई आहे. हिच्या वाटेला जायचं नाही." मी अगदी सुखावून जायची.

मग बर्फ पडेनासं झालं. गहू हाती लागेना. ट्रकमधून परकी माणसं येऊ लागली. ती बोटाएवढ्या मुळ्याही कापत आणि चिंध्या उपटून फेकत. शेजारची घळ त्यांनी एका वसंतात धुऊन नेली. आमच्या घळीत ती पोचली नव्हती, पण दुसरीकडे काही उरलं नाही म्हणून गावकऱ्यांनी इथल्याच मुळ्या संपवल्या. शेवटी मी एकटी राहिले. आणि यंदा माझ्या माथ्यावर फुलोऱ्याचा कोंब आला.

तो कोंब पाहून नियाझबाबा माझ्यापाशी बसले. सोबत त्यांची विधवा मुलगी सफूरा होती.

"सासूबाईंना यंदा फूल येणार," ते म्हणाले. "घळ पुन्हा भरेल."

"कधी? माझ्या पोरी म्हाताऱ्या झाल्यावर?" सफूरा म्हणाली. "काल दोघी नुसता चहा पिऊन झोपल्या, बाबा. डबा झाडला तरी मूठभर पीठ निघेना."

"बियाणं खाणाऱ्याचं घर बसतं, पोरी."

"आपलं उभं आहे कुठे? आणि आपण सोडली म्हणजे ती वाचली, असं थोडंच आहे? ट्रकवाले खालच्या घळीपर्यंत आलेत. उद्या-परवा इथे येतील."

"मी राखलंय हिला."

"त्यांच्यासाठीच राखलीत म्हणायची."

नियाझबाबांनी आपल्या हातानं चिंधी सोडली, खिशात ठेवली आणि कोंब कापला. "माफ कर, म्हातारे," ते म्हणाले. आडोसा मात्र त्यांनी नेहमीसारखाच नीट केला.

मला फार दुखलं. चीक पुष्कळ निघाला. सफूराच्या घरी पीठ आलं, पोरी पोटभर जेवल्या, त्याचा मला राग नाही. राग याचा आहे की ट्रकवाले आलेच नाहीत. वाटेवर दरड कोसळली आणि ते आल्या पावली परत गेले. सगळा वसंत सरला, घळीत परकं पाऊल पडलं नाही. माझा फुलोरा उभा राहिला असता. बी पिकलं असतं.

काल सफूरा शेवटचं खरवडायला एकटीच आली. नियाझबाबा अंथरुणाला खिळले आहेत आणि आता उठतील असं दिसत नाही. काम झाल्यावर ती घळीत वरखाली हिंडली. दगड उलथून पाहिले, कुठे एखादं कोवळं पान दिसतंय का ते शोधलं. काही नव्हतं. मग माझ्यापाशी बसून ती रडली.

"बाबा रोज विचारतात, घळीत नवी उगवली का," ती म्हणाली. "सांगते त्यांना, हो, पुष्कळ उगवल्यात."

मित्रांनो, ती बिचारी दुसरं काय सांगणार? मरणाऱ्या माणसाशी खोटं बोललेलं चालतं. पण तुम्हाला अजून पुष्कळ जगायचं आहे. ज्याच्यावर पोट भरतं त्यातलं थोडं उद्यासाठी राखा, आणि राखलेलं दुसऱ्याच्या भीतीनं कापू नका. माझा चीक वाळून कधीतरी तुमच्या डबीत येईल. फोडणीचा वास घरभर सुटेल, सगळे वाखाणतील. तेव्हा हा हिंग कुठून आला असं कुणी विचारलं, तर त्याला खरं सांगा. आमच्या घळीत आता काही उगवत नाही.