क्वान कुंगचा ठिपका

माझा नवरा सू आयुष्यभर चिनी ऑपेराची चित्रं काढत आला. त्येनचिन शहरातल्या थिएटरात खांबाला टेकून बसायचा. गुडघ्यावर कागद, नजर रंगमंचावर. नट कंबरेत वळला की याचा कुंचला वळायचा. घरी आला की म्हणायचा, "बघ, आज फांगदादाची बाही कशी पडलीय!" मला मेलीला त्यात चार काळे फराटे दिसायचे. पण लोक ती चित्रं हौसेने भिंतीवर लावायचे.

फांगदादा लाल चेहऱ्याच्या क्वान कुंगची भूमिका करायचे. क्वान कुंग म्हणजे आमचा देवच. म्हणून त्याचं तोंड रंगवून झालं की मुद्दाम एक काळा ठिपका देऊन रंग मोडतात, म्हणजे देवाला कळतं की हे सोंग आहे. ठिपका द्यायचा राहिला तर नटाच्या अंगात खुद्द देव येतो, असं सगळी नाटकमंडळी मानतात. सूसुद्धा कागदावरच्या क्वान कुंगला ठिपका दिल्याशिवाय चित्राखाली आपल्या नावाचा शिक्का मारत नसे.

सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात दंडाला लाल पट्टे बांधलेली, जुने देव मोडायला निघालेली शाळकरी पोरं आमच्या घरात घुसली आणि सगळी चित्रं अंगणात जाळली. सू नुसता बघत राहिला. त्याचा मला इतका राग आला! मग त्यांच्यातली दोन वेण्यांची एक मुलगी त्याला म्हणाली, "कागदावर रंगवतोस ना? उद्या त्या फांगच्या तोंडावर रंगव. तुमचा देव चौकात गुडघे टेकताना लोकांना बघू दे."

दुसऱ्या दिवशी थिएटरच्या रंगपटात फांगदादांना स्टुलावर बसवलेलं होतं. रंग कालवायला मी होते. पोरं दाराबाहेर घोषणा देत होती.

"काय रे सू, किती वाळलास! बायको जेवायला घालत नाही वाटतं?"

"बोलू नका दादा, रेघ हलते."

"आज ठिपका देऊ नकोस."

सूचा हात थांबला. "दादा, टेका ना गुडघे. चार शिव्या खायच्या आणि घरी जायचं. सगळेच टेकतायत."

"फांग टेकेल रे. फांग उंदरालाही घाबरतो, विचार तुझ्या वहिनीला. पण ही कार्टी क्वान कुंगला टेकवायला निघालीत. त्याचं तो बघून घेईल. तू फक्त ठिपका देऊ नकोस."

मी सूला डोळ्यांनी खुणावलं, दे म्हणून. त्याने दादांना लांब दाढी बांधायच्या आधी हनुवटीखाली मोहरीएवढा ठिपका ठेवून दिला. आरसे पोरांनी कधीच फोडले होते.

"नाही ना दिलास?"

"नाही, दादा."

मला हायसं वाटलं. ठिपका आहे म्हणजे देव येणार नाही. देव आला नाही की दादा घाबरतील, गुडघे टेकतील आणि जगतील. एवढंच आम्हाला हवं होतं.

चौकात दादांनी गुडघे टेकले नाहीत. पोरांनी त्यांना कमरेच्या पट्ट्यांनी मारलं, मग पायांवर काठ्या घातल्या. ते पडले, हातावर भार देऊन उठले, पुन्हा पडले. शेवटी एकदा ओरडले. रंगमंचावरचा तो खणखणीत आवाज नव्हता, दुखल्यावर कुणीही ओरडतं तसं ओरडले. मग उठले नाहीत. प्रेतसुद्धा घरी दिलं नाही, परस्पर जाळलं.

पुढे फांगवहिनी आमच्याकडे आल्या. नुसतं गरम पाणी प्यायल्या. डोळे कोरडे होते.

"भाऊजी, खरं सांगा. त्या दिवशी ठिपका दिला नव्हता ना? हे निघताना मला म्हणाले होते, ठिपका नको म्हणून सांगणार आहे. अंगात देव असला की नटाला मार लागत नाही, असंही म्हणायचे. त्यांना लागलं नसेल ना हो?"

सूचे ओठ हलले. हा बावळट आता खरं बोलणार, हे मी ओळखलं.

"नव्हता दिला," मी म्हणाले. "मी तिथंच होते ना, वहिनी. ते दादा नव्हतेच."

वहिनींनी मान हलवली आणि मग कुठे त्यांना रडू फुटलं. मी त्यांना जवळ घेतलं. सू उठून अंगणात गेला. चौकात फांगदादा एकटेच उभे होते आणि त्यांना सगळं लागलं होतं, हे आम्हा दोघांनाच ठाऊक आहे.