डोळे राहिलेला समंध

रेघ माझी चालते ग, जशी वाट नदीकाठी
डोळे राखून ठेविले, बाई ग, शेवटासाठी

मित्रांनो, हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला पुठ्ठा नव्हता, पाठ नव्हती, नावसुद्धा नव्हतं. लालबागच्या एका चाळीतली खिडकी होती, खिडकीशी पाट होता, पाटावर जाड कागद होता आणि कागदावर ओणवी झालेली मंजुळा होती. ती गुणगुणायची आणि तिच्या टाकाखाली एकेक भूत उठून उभं राहायचं.

मी एक जुना चित्रकथांचा संग्रह आहे. भुताखेतांचा. मुलं मला ‘भुतांचं बाड’ म्हणतात. अंगानं जाड, स्वभावानं अस्वस्थ. एका जागी मी कधी टिकलो नाही आणि का टिकलो नाही, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

गिरगावात सीतारामशेठ यांचा छापखाना होता. खलाशांनी टाकून दिलेली परदेशी भुतांची चित्रपुस्तकं कुठूनशी त्यांच्या हाती लागली. शेठ म्हणाले, “आपल्याकडे काय भुतांना तोटा आहे? पिंपळावर मुंजा आहे, खाडीत गिऱ्हा आहे, विहिरीवर हडळ आहे. चित्रं काढणारा पाहिजे.” छापखान्याची पाटी रंगवायला शामराव पेंटर आले होते. त्यांना शेठनी विचारलं, “जमेल?” शामराव म्हणाले, “बघतो.”

शामरावांचं अक्षर म्हणजे मोत्यांची सर. पण चित्र त्यांच्या हातात नव्हतं. चित्र होतं त्यांच्या बायकोच्या हातात. मंजुळेचे वडील परळला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचे. मूर्ती रंगली, दागिने झाले, सगळं झालं की मगच डोळे. डोळे काढले की मूर्ती बघू लागते. त्याआधी ती नुसती माती. लेकीनं हे लहानपणीच उचललं होतं. त्यामुळे तिच्या हडळीलाही डोळे शेवटी, मुंज्यालाही शेवटी. माझ्यातली भुतं म्हणून तर वाचणाऱ्याकडे अशी बघतात.

पहिली चित्रं छापखान्यात गेली. शेठ म्हणाले, “वा शामराव, हात आहे तुमचा.” शामरावांनी रंगाचे डबे उचलले आणि ते निघाले. घरी आल्यावर ‘शेठना खरं सांगून टाकू’ म्हणाले, तर त्यांच्या आईनं, सुंदराबाईंनी, दार लोटून घेतलं.

“मंजुळे, तू काय ता काढ. माका काय त्रास नाय. पण चाळीत कोणाक सांगू नको. सून हडळी काढता म्हटल्यार हळदीकुंकवाक कोण बोलवचा नाय तुका.”

म्हातारी वाईट नव्हती. दुपारी सगळे निजले की तीच मला मांडीवर घ्यायची. वाचता येत नव्हतं, चित्रं बघायची. विहिरीवरच्या हडळीपाशी आली की बराच वेळ थांबायची आणि हळूच स्वतःच्या नाकावरून बोट फिरवायची. नाक तिचंच होतं. मंजुळेनं उचललं होतं. म्हातारीनं ते ओळखलं होतं, पण बोलली कधी नाही. मनातून खूश होती, मित्रांनो. मी तिच्या मांडीवर होतो, मला ठाऊक आहे.

अशी माझी पातळ पातळ पुस्तकं निघत होती. आणि एकदा घोळ झाला.

समंधाचं चित्र चाललं होतं. समंध म्हणजे जीव कशात तरी अडकून राहिलेलं भूत. पानभर देह, जटा, वाढलेली नखं, सगळं उतरलं होतं. डोळे तेवढे राहिले होते. तेवढ्यात शेजारच्या बायका दारात आल्या. मंजुळेनं घाईघाईनं पाट खाटेखाली सारला आणि चहा टाकला. शामराव छापखान्यातून धावत आले. चित्रावरून छपाईचे ठसे करणारा माणूस खोळंबला होता. बायकांसमोर काही विचारायची सोय नव्हती. त्यांनी खाटेखाली वाकून पाहिलं, शाई वाळली होती. पाटी रंगवणाऱ्याला शाई वाळली म्हणजे काम झालं. कागद गुंडाळून ते गेले.

समंध तसाच छापला. डोळ्यांच्या जागी नुसता कोरा कागद.

आणि लोकांनी काय करावं? डोक्यावर घेतला. “काय कल्पना आहे, डोळेच नाहीत!” असं गिरगावापासून दादरपर्यंत झालं. मुलं ते पान बोटानं झाकून वाचायची. शामरावांची पाठ थोपटून थोपटून लोक थकले. मंजुळा मात्र ते पान आलं की मान वळवायची. आपल्या लेकराला कुणी उपाशी उठवून न्यावं, तसं तिचं व्हायचं.

पुढे काही वर्षांनी सीतारामशेठनी सगळी पुस्तकं एकत्र करून पुन्हा छापायची ठरवली. मी आज जो आहे तो तेव्हा झालो. छापील पानांचे फर्मे शिवले, पाठीला कापड लागलं, वर नाव आलं, खाली ‘चित्रे : शामराव पेंटर’. त्याआधी मंजुळेनं नवऱ्याला एवढंच म्हटलं होतं, “या खेपेला तरी त्याचे डोळे काढू द्या.” शामराव शेठकडे गेले आणि खाली मान घालून परत आले. शेठ म्हणाले होते, “वेड लागलंय का? त्या आंधळ्यावरच तर पुस्तक खपतं. ठसे जुनेच चालतील.”

तेव्हापासून माझ्या त्या पानाला जी हुळहुळ लागली ती लागलीच. गॅलरीत वारा सुटला की मी आपोआप तिथेच उघडायचो. कुणी ट्रंकेत घातलं तर कुणी काढायचं, या खोलीतून त्या खोलीत. तेलाचे डाग पडले, कोपरे उंदरांनी कुरतडले, मुंज्याच्या गोष्टीचं एक पान कुणी चणे बांधायला फाडलं. दिवसही तसेच होते. मुंबई महाराष्ट्राला मिळत नव्हती, दोन भाषांचं एकच राज्य माथी मारलं होतं. रोज सभा, रोज मोर्चे. कर्फ्यू लागला की मुलं मला घेऊन दाराआड बसायची. बाहेर पोलिसांच्या शिट्ट्या, आत माझी हडळ. त्यांना हडळ बरी वाटायची. पान मिटलं की ती जायची.

एका मोर्चाच्या आदल्या दिवशी बुधाजी मला शोधत आला. बुधाजी पलीकडच्या चाळीतला, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा, समितीचा कार्यकर्ता. आवाज असा की भोंग्याची गरज नाही.

“पेंटर, हे द्वैभाषिक म्हणजे आपल्या मानगुटीवर बसलेला समंध. तुमचा तो पुस्तकातला पाहिजे. दोन मजली. उद्या सगळ्यात पुढे.”

शामरावांना नाही म्हणता आलं नाही. घरात दार लावून मंजुळेनं काढलं असतं, पण दहा बाय दहाच्या खोलीत दोन मजली कापड कुठे पसरायचं? मांजरपाटाचे तागे शिवून चाळीच्या चौकातच अंथरले. मला मधोमध उघडून माझ्या एका कडेवर वरवंटा ठेवला, एका कडेवर कुलूप. गॅलऱ्या माणसांनी भरल्या.

शामरावांनी खडूच्या दोरीनं चौकटी पाडल्या. माझ्या पानावरच्या लहान चौकटीत जे असेल ते कापडावरच्या मोठ्या चौकटीत. हे त्यांना येत होतं. जटा झाल्या, नखं झाली. लोक वरून दाद देत होते. वर कठड्याशी मंजुळा उभी होती आणि तिचं बोट कठड्यावर आपोआप फिरत होतं.

उन्हं कलली. बुधाजी लांब जाऊन बघून आला.

“पेंटर, डोळे?”

“पुस्तकात नाहीत ना.”

“सरकार आंधळं आहे ते आम्हाला ठाऊक आहे. समंधाला तरी डोळे द्या. रस्त्याच्या त्या टोकाहून माणसाला वाटलं पाहिजे, हा माझ्याकडे बघतोय.”

“पण पुस्तकात...”

“अहो, पुस्तक तुमचंच ना? मग काढा की.”

शामरावांनी कुंचला बुडवला. कापडावर वाकले. कोऱ्या जागेवर कुंचला नेला आणि तो तिथेच थांबला. रंगाचा एक थेंब त्यांच्या पायावर पडला.

मित्रांनो, शेवटचा शब्द माझा नाही, म्हणून माझं मागणं इथेच मागून घेतो. पुस्तक जपा, त्याचं पान चण्यांना देऊ नका, हे तर आहेच. पण चित्र बघाल तेव्हा त्याखालच्या नावाशीच थांबू नका. रेघ कुणाच्या हातची आहे, हे मनात विचारत जा. मी कागद आहे. मला ते ठाऊक असून सांगता येत नव्हतं. माणसाला येतं.

गॅलऱ्यांतून सगळे त्या कुंचल्याकडे बघत होते. तेवढ्यात वरून सुंदराबाईंचा आवाज आला, “शामा, सांग रे आता. हळदीकुंकवाचा काय ता मी बघतंय.”

शामरावांनी मान वर केली. चारचौघांत त्यांनी बायकोला कधी नावानं हाक मारली नव्हती.

“बुधाजी, मला अक्षरं येतात आणि चौकटी येतात,” ते म्हणाले. “डोळे येत नाहीत. या बाडातलं एकही चित्र माझं नाही, सगळी हिची आहेत. ती डोळे शेवटी काढते, आणि मी तिला शेवट करू न देताच कागद उचलून नेला.” मग कुंचला वर धरून ते म्हणाले, “मंजुळा, खाली ये. तुझे डोळे राहिलेत.”