व्याह्यांकडून घेतलेलं लेझर मशीन

तेमिरकुलने आमच्या घरी आजवर तीन मेंढे खाल्ले आणि मशीनचा एक स्क्रू फिरवला नाही. तिन्ही मेंढे मी वाढवलेले होते, आणि तिन्ही वेळा शिजवलेलं डोकं मानाने त्याच्यापुढे ठेवलं तेही मीच.

तो आमचा व्याही, आमच्या भाषेत कुदा. म्हणजे खरा व्याही जुमादिल, हा त्याचा धाकटा भाऊ. माझी मुलगी कानिशाय त्या घरात सून आहे, बालिकचीला, आमच्या कोच्कोर गावापासून तासाभराच्या वाटेवर. आमच्याकडे व्याह्याचा भाऊ, व्याह्याचा चुलता, उद्या म्हणाल तर व्याह्याचा शेजारीसुद्धा व्याहीच धरतात. त्याला वरच्या बाजूला बसवायचं, त्याच्यापुढे आवाज चढवायचा नाही, आणि निघताना खांद्यावर नवा चापान, म्हणजे मानाचा लांब झगा, घालून पाठवायचं. माझ्या तोंडून वेडंवाकडं काही गेलं तर त्याची शिक्षा माझी मुलगी भोगणार, हे मी एक क्षण विसरत नव्हते.

आता मशीनचं सांगते. आम्ही पाच बायका लोकरीचा नमदा लाटतो आणि त्याच्या सपाता, उशा, पिशव्या करतो. नक्षी कापायची ती कात्रीने. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या सोनुन एजेची बोटं इतकी सुजायची की सकाळी तिला चहाचा कप धरता यायचा नाही. मग ठरलं, लेझर मशीन घ्यायचं. नमदा कापेल, आणि सपातांवर लावायच्या चामड्याच्या बिल्ल्यांवर नावंही कोरेल.

दोन ठिकाणं होती. एक बिश्केकचा गेन्नादी नावाचा म्हातारा. त्याला फोन केला तर विकायचं राहिलं बाजूला, तोच मला प्रश्न विचारायला लागला. नमदा किती जाड आहे, वीज किती वेळा जाते, धूर कुठल्या भिंतीतून बाहेर काढणार, हिवाळ्यात खोली गरम ठेवता का. मध्येमध्ये खोकत होता आणि उत्तर लांबलं की "थोडक्यात सांगा" म्हणून खेकसत होता. आमचे हे शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, मुलगी देताना आपण इतकं विचारलं नव्हतं. मी हसले आणि फोन ठेवून दिला.

दुसरा तेमिरकुल. त्याने बालिकचीत यंत्रांचं दुकान नुकतंच उघडलं होतं. तो म्हणाला, आपल्या माणसाला वॉरंटीचा कागद कशाला हवा, हाक मारा, मी हजर. आमचे हे म्हणाले, व्याह्यांचं दुकान सोडून परक्याकडून घेतलं तर त्यांना तोंड कसं दाखवायचं. सगळं त्यांच्यावर ढकलत नाही. मलाही वाटलं, बिघडलं तर परका पळून जाईल, व्याही कुठे जातोय? सोनुन एजे एकटी म्हणाली होती, ज्याच्यावर ओरडता येत नाही त्याच्याकडून वस्तू घेऊ नये. मी तिला गप्प केलं.

दोन महिन्यांत मशीन वाकडं कापायला लागलं. हाक मारली, आणि खरंच, दुसऱ्या दिवशी तेमिरकुल हजर. बरोबर दोन मित्र. माणूस दारात आला की त्याला आधी मशीनकडे नेणार का? आधी चहा, तळलेले बोरसोक, साय, मग मेंढा. जेवण उरकेपर्यंत उन्हं कलली. मग तो कारखान्यात आला, मशीनच्या झाकणावर हात ठेवला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, व्हॉल्टेज. एवढं बोलून चापान घालून गेला. मशीन वाकडंच कापत राहिलं आणि आम्ही प्रत्येक तुकड्याची कड कात्रीने सरळ करत राहिलो. म्हणजे काम कमी व्हायचं ते दुप्पट झालं.

दुसऱ्यांदा धुराचा पंखा बंद पडला. जळक्या लोकरीच्या वासाने बायकांना उलट्या व्हायच्या. पुन्हा तो आला, पुन्हा मेंढा, पुन्हा चापान, आणि या वेळी निदान पंख्याकडे बोट तरी दाखवलं. पंखा शेवटी आमच्या ह्यांनी गाडीच्या रेडिएटरचा बसवला.

मग जानेवारी आला आणि मशीन पार मेलं. सगळे दिवे लागायचे, मशीनचं कापणारं डोकं इकडून तिकडे फिरायचं, पण नमद्यावर साधा डागही पडेना. वसंतातल्या नूरुजच्या सणाआधी इसिक-कुल तळ्याकाठच्या एका हॉटेलला तीनशे जोड सपाता द्यायच्या होत्या. तेमिरकुलला फोन केला. म्हणाला, येतो, रविवारी येतो. मी फोन ठेवला आणि गोठ्यात कुठला मेंढा उरलाय ते बघायला गेले. त्या वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण मेंढा बघितला.

गोठ्यातूनच मी गेन्नादीला फोन लावला. लाज सोडून सगळं सांगितलं.

"रात्री खोलीत पाणी गोठतं का?" त्याने विचारलं.

"बादलीतलं गोठतं."

"मग मशीनच्या नळीतलं काय बाहेर बसून सिगारेट ओढतं? लेझरच्या काचेच्या नळीभोवती पाणी फिरत असतं. ते गोठलं की काच तडकते. हिवाळ्यात पाणी काढून ठेवायचं, नाहीतर न गोठणारं भरायचं. हे विकणाऱ्याने सांगितलं नाही?"

त्याने झाकण उघडून नळीच्या टोकाला टॉर्च मारायला सांगितलं. केसाएवढी तडा गेल्याची रेघ होती. वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी मला माझ्या मशीनला काय झालंय ते सांगितलं, आणि ते बिश्केकमध्ये बसून, ज्याच्याकडून मी सुईसुद्धा घेतली नव्हती अशा माणसाने. मला त्याचा राग आला. खरं सांगते, आधी त्याचाच आला.

रविवारी तेमिरकुल आला. या वेळी बरोबर चार माणसं होती. मेंढ्याचं डोकं त्याच्यापुढे ठेवलं, त्याने रीतीप्रमाणे कान कापून घरातल्या मुलांना दिला, पुट्ठ्याचं हाड हातात घेतलं आणि सुरीने सगळ्या बाजूंनी कोरून कोरून खाल्लं. मी मध्येच म्हटलं, कुदा, नळी तडकली आहे, पाणी गोठून. त्याने मान वर केली नाही. म्हणाला, नळी चीनहून मागवावी लागेल, नूरुजनंतर बघू. मग मित्रांकडे बघून हसत बोलला, "चूक माझीच. बायकांच्या हाती लाटणं द्यायचं, मी लेझर दिलं."

मित्र हसले. आमचे हेसुद्धा हसले, खाली बघून.

"कुदा," मी म्हटलं, "ते हाड तुम्ही जेवढं फिरवून फिरवून बघताय ना, तेवढं माझं मशीन एकदा बघितलं असतंत तर बायकांची बोटं वाचली असती. वर्षभर तुम्ही इथे जेवायला येताय. दुरुस्ती हे निमित्त. तुम्हाला नळी कुठे असते ते तरी माहीत आहे का? चला, दाखवा मला. आत्ता, जेवणावरून उठून दाखवा."

मी थांबायला हवं होतं, पण थांबले नाही. दुकानदार म्हणून तुम्ही खोटे आणि पाहुणे म्हणून खादाड, असंही म्हटलं. एक मित्र घास हातात धरून बसून राहिला.

तेमिरकुलने हाड ठेवलं, हात पुसले आणि उठला. जेवणानंतर तळवे पसरून घराला आशीर्वाद द्यायचे असतात, ते न देताच उठला. माझ्या सासूच्या काळापासून आमच्या जेवणाला अंथरलेल्या दस्तरखानावरून असं कोणी गेलं नव्हतं. आमचे हे चापान घेऊन गाडीपर्यंत धावले. त्याने काच खाली केली नाही.

ते परत आले तेव्हा चापान त्यांच्या हातातच होता. मला म्हणाले, कानिशायचा विचार तरी करायचा होतास.

तोच तर करत होते वर्षभर. त्या रात्री आणि नंतरचे दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. मुलीला फोन केला, तिने उचलला नाही. पुन्हा केला. मग वाटलं, सारखा केला तर सासूसमोर तिची आणखी पंचाईत. मी तिच्या सासूचा चेहरा डोळ्यांपुढे आणायची, आणि मग तेमिरकुलला मनातल्या मनात आणखी चार शिव्या घालायची. घरात मी सगळ्यांवर डाफरत होते.

हात रिकामे ठेवले असते तर वेड लागलं असतं. म्हणून गेन्नादीकडून नळी मागवली. आमच्या गावावरून नारिनला जाणाऱ्या टॅक्सीत, एका प्रवाशाच्या मांडीवर ती बाळासारखी आली. बुधवारी गेन्नादी व्हिडिओवर बसला. मी आणि सोनुन एजे मशीनमध्ये डोकं घालून, आणि तो पलीकडून खोकत, ओरडत. उजवा आरसा, बाई, तुमचा उजवा नव्हे, माझा उजवा. आरशापुढे कागदाची पट्टी लावा. डाग कुठे पडला? मध्ये नाही? मग स्क्रू पाव फेरी फिरवा. पाव म्हटलं मी, अर्धी नाही. दीड तास चाललं. एकदा सोनुन एजेने त्याला उलट झापलं, तर तो म्हणाला, असंच बोला, म्हणजे मला कळतं तुम्हाला काय दिसत नाही ते.

शेवटी मशीन चाललं. एडक्याच्या शिंगांची नक्षी अशी कापली गेली की कडेला हात लावायची गरज नाही. बायका हसायला लागल्या, एकीने माझ्या गालाचा मुका घेतला. मलाही बरं वाटलं. मी म्हटलं, बघा, तोंड उघडलं म्हणून झालं.

तेव्हाच कानिशायचा फोन आला. मी मशीनपासून दूर जाऊन उचलला आणि ती काही बोलायच्या आत सांगत सुटले. मी चुकले, रागाच्या भरात बोलले, ते तुला काही म्हणाले का, मी येऊन माफी मागते, तुझे वडील मागतील.

"आपा, तू खरंच त्यांना खादाड म्हणालीस?" आमच्याकडे आईला आपा म्हणतात.

"म्हणाले."

"सगळ्यांसमोर? ताटावर?"

"हो गं. किती झालं तरी सहन करायचं? वर्षभर मशीन बिघडलेलं."

तिच्या मागे कुठेतरी नळाचं पाणी वाहत होतं.

"ऑक्टोबरमध्ये मी आले होते," ती म्हणाली. "तुझ्याच कारखान्यात, तुझ्यासमोर बसले होते. तुला गाल दाखवला होता. तू म्हणालीस, रुमाल पुढे ओढून घे, कुदांचं नाव खराब होईल."

तिच्या मागचा नळ बंद झाला.

"तुला बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं, आपा. मला वाटायचं, व्याह्यांपुढे कोणालाच बोलता येत नसेल. म्हणून मी परत गेले. आता कळलं, मशीन असेल तर येतं."

तिने फोन ठेवला. ती रडत नव्हती. रडली असती तर मला काहीतरी समजूत घालता आली असती.

ऑक्टोबर मला आठवत होता. गाल डावा होता, डोळ्याच्या खालपर्यंत काळानिळा. मी सपाता मोजत होते. मी विचारलंसुद्धा नाही की कशाने. कारण मला माहीत होतं कशाने, आणि विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि मग मला काहीतरी करावं लागलं असतं. तेमिरकुलला मी खोटा म्हणाले. तो निदान झाकणावर हात तरी ठेवायचा.

मागे बायका नक्षीचे तुकडे उचलून एकमेकींना दाखवत होत्या. सोनुन एजेने माझ्याकडे बघितलं. मी मशीन बंद केलं, पाण्याचा पंप बंद केला आणि घरात गेले.

आमचे हे खिडकीपाशी बसले होते. गाडी काढा, म्हटलं, बालिकचीला जायचंय. त्यांना वाटलं माफी मागायला निघाले. त्यांचा चेहरा उजळला, लगेच उठले, चापान घेतला, आणि म्हणाले गोठ्यातून काहीतरी नेऊ या, व्याह्यांकडे रिकाम्या हाती कसं जायचं. मी त्यांच्या हातातून चापान काढून घेतला आणि खुंटीला अडकवला.

"डिकी रिकामी असू दे," मी म्हटलं. "येताना मुलीचं सामान आणायचंय."