लुगड्यावरचा पंजा

"पंजा उठला! मरीमायचा पंजा!"

ओरड झाली आणि कळंबजवळच्या त्या गावातला सारा मांडव नवरीभोवती गोळा झाला. बेबीचं पांढरं लुगडं हळदीनं पिवळं झालं होतं. त्यावर खांद्याशी पाच बोटं उमटली होती, रक्तासारखी लाल. न बोलावता आलेल्या उकंडा भगतानं आपल्या तांब्यात हात बुडवून आशीर्वाद दिला होता, नेमका तिथंच. त्याचा तळहात मात्र कोरा.

"हात माहा, पंजा मायचा!" भगतानं तळवा चहूकडे फिरवून दाखवला. "मी आपला टपालवाला. देव नदीत सोडले ना तुम्ही? हे घ्या, मायनं पोच धाडली!"

देव सोडले होते हे खरंच. दीड वर्षापूर्वी बेबीचा बाप नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि धोंडबाचा धर्मपाल झाला. बायको तुळसाबाईनं देव्हारा स्वतः रिकामा केला. भगताचा दरसालचा बकराही तेव्हाच बुडाला. गावाचे टोमणे नवरा-बायकोनं पचवले होते. पण आज राजूरच्या खाणीवरून वऱ्हाड आलं होतं, आणि नवरदेवाचा बाप संपत घाम पुसत म्हणत होता,

"इवाई, दीक्षा आम्हीबी घेतली. पन पोरगं माहं खाणीत उतरते. देवी कोपली तं वरून दगड याले वेळ नाही लागत. अशी नवरी कशी नेऊ जी?"

उपाय भगतापाशी तयारच होता. पाच लिंबं, एक बकरा, आणि मरीमायची मूर्ती कोरलेला टाक पुन्हा देव्हाऱ्यात.

लिंबं आलीसुद्धा. धर्मपालनं बायकोला बाजूला घेतलं.

"टाक ठेवू. लगन झालं का काढून टाकू. कोन पाह्यते?"

"मी पाहीन ना!"

"अन् पोरगी घरात राह्यली तं?"

तुळसाबाईनं लेकीकडं पाहिलं. बेबी रडत नव्हती, आईच्या तोंडाकडं बघत होती.

"राह्यली तं राह्यली," तुळसाबाई साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशी बोलली. "पंजा कसा उठला, मले माहीत नाही. पन मले माहीत नाही म्हून तो देवीचा, असं कोनं सांगतलं? टाक घरात येनार नाही."

"लेकीचं वाटोळं करून राह्यली," शेजारची लीलाबाई पुटपुटली.

भगत हसला. "लय शानी झाली तुळसे! मंग तूच सांग कसा उठला."

"सांगू कायले? पाहूच ना. ह्या माह्या कोऱ्या पदरावर उठवा एक पंजा."

"माय दोनदा येत नसते!"

"काहून? आत्ता तं रागात होती. निजली का काय?"

मांडवात खसखस पिकली. आता मागं सरायची सोय नव्हती. भगतानं हात बुडवला, पदरावर दाबला. पदर ओला झाला आणि पांढराच राहिला. लेकीच्या लुगड्यावर हळद होती, ह्या पदरावर नव्हती.

तुळसाबाईनं त्याचा तांब्या उचलला आणि उरलेल्या हळदीच्या वाटीत धार धरली. हळद लालभडक झाली.

"अवं माय!" लीलाबाईच्याच तोंडून निघालं. "हळदीचं लुगडं साबनानं धुतलं का असंच तं होते वं!"

घरोघरच्या बायकांनी हे शंभरदा पाहिलं होतं. फक्त देवीचं नाव निघाल्यावर आठवलं नव्हतं. तुळसाबाईनं तांब्याच्या तळाशी बोट फिरवलं. पांढरा गाळ निघाला. चुना, पानात खातात तोच. वरची निवळी पाण्यासारखी स्वच्छ दिसते, पण हळदीला लागली की लाल होते. तिनं भगताचंच एक लिंबू चिरून लेकीच्या खांद्यावर पिळलं. बोटं एकेक करून पुन्हा पिवळी झाली.

"घ्या भगतजी, उतरला मायचा राग. बकऱ्याले सांगा, वाचला म्हनाव."

भगत 'मायची लीला हाय, मायची लीला' म्हणत चपला शोधायला लागला.

संपत पुढं आला. "चुकलं आमचं, इहीनबाई. पन एक सांगा, हा चुना सापडलाच नसता तं?"

"तं पोरगी घरी राह्यली असती. टाक नसता आला."

संपत मुलाकडं वळला. त्याला म्हणाला, "उभा राह्य रे. लेक अशा मायची हाय, घरात भीती नाही आनायची."

प्रत्येक पंज्यामागचा चुना त्याच दिवशी हाती लागेल असं नाही. लागेपर्यंत सरळ म्हणावं, माहीत नाही. त्यात कमीपणा नाही. तपासत राहावं, विचारत राहावं, आणि चारचौघांच्या धाकानं आपलं पटलेलं सोडू नये.