कोरी ओळ

आमच्या प्रयोगशाळेत एक रीत आहे. मलेरियाची नवी लस टोचलेल्या मुलांचं रक्त खाचांच्या प्लेटमध्ये तपासताना शेजारी खाचांची एक कोरी ओळ ठेवायची. कोरी म्हणजे ज्याला मलेरिया कधी शिवलाच नाही, अशा माणसाच्या रक्ताची. हे रक्त विकत आणत नाहीत, आमच्यापैकीच कुणीतरी देतं. मलेरियाच्या जंतूच्या अंगावर एक प्रथिन असतं. ज्याचं शरीर त्या जंतूशी झुंजलं असेल किंवा लसीने तयार झालं असेल, त्याच्या रक्तात त्या प्रथिनाला धरणाऱ्या अँटिबॉडी सापडतात आणि प्लेटमधली खाच पिवळी होते. कोरी ओळ मात्र पाण्यासारखी राहायला हवी.

परवा जुना साठा संपला, तेव्हा मी ऐटीत दंड पुढे केला. घरात मला सगळे धोंडा म्हणतात. मी तापाने अंथरूण धरल्याचं मला तरी आठवत नाही. तीन आठवड्यांपूर्वी धाकट्या बहिणीच्या पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा रक्तही मीच दिलं होतं आणि चारचौघांत मिरवूनही घेतलं होतं.

काल प्लेट काढली, तर माझी ओळ पिवळीधमक.

मी आधी चष्मेवालीवर डाफरले. ती माझी सहकारी, प्लेट तिने भरली होती. "नळ्यांची अदलाबदल केलीस. लक्ष कुठे असतं तुझं?" आज सकाळी दुसरी प्लेट मी स्वतः भरली, खाच न् खाच मोजून. दुपारी तीही पिवळी.

आमच्या सरांनी प्लेट उजेडात धरली. "कोरी ओळ कुणाची?"

"माझी."

"लहानपण कुठे गेलं तुमचं?"

"अकरा वर्षांची होईपर्यंत मामाकडे, नदीकाठी. पण मला मलेरिया कधीच झाला नाही, सर."

"आईला विचारा."

आई फोनवर अगदी सहज म्हणाली, "अगं, तिथे सगळ्याच पोरांना ताप यायचा. तुला दोन-तीन वर्षांची असताना सारखाच असायचा. मग अंगाला सवय झाली. तेव्हापासून तर मामी तुला धोंडा म्हणायला लागली."

सरांना हे सांगितलं, तर ते हसले नाहीत. "इतक्या वर्षांनी इतक्या अँटिबॉडी उगाच टिकत नाहीत. पाहुणा अजून घरातच असणार."

मी स्वतःचं बोट टोचलं, काच रंगवली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. अर्धा तास काही नाही. मग एका कोपऱ्यात एकच तांबडी पेशी दिसली, तिच्यात आडवा पट्टा: मलेरियाचा जंतू. तीस वर्षं तो माझ्या रक्तात राहत होता. माझं शरीर त्याला मारत नव्हतं आणि डोकंही वर काढू देत नव्हतं. रोज दुसऱ्यांच्या रक्तात मी हेच शोधते, त्याचा पगार घेते.

आणि मग मला धाकटी आठवली.

तिला आठवडाभर ताप होता. थंडी वाजून यायचा, उतरायचा, मधले दोन दिवस बरे जायचे, की पुन्हा थंडी. आत पू झाला असेल म्हणून सर्जन आज पाच वाजता तिचं पोट पुन्हा उघडणार होते. धाकटीचा जन्म आम्ही डोंगरावरच्या शहरात आल्यानंतरचा. तिच्या अंगाला कसलीच सवय नव्हती. त्यात रक्तपेढीत माझ्या रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, वेगळं काढलेलं, अँटिबॉडी त्या पाण्यात राहिल्या. धाकटीला नुसत्या तांबड्या पेशी चढवल्या. पहारेकरी मागे ठेवून मी तिच्या घरी चोर पाठवला होता.

घड्याळात पावणेचार झाले होते. तिच्या नवऱ्याला तीनदा फोन लावला, उचलला नाही. काचा आणि रंगाची बाटली पिशवीत कोंबून मी धावले. दवाखान्यात पोचले तेव्हा तिला आत न्यायला खाट बाहेर काढली होती.

"ऑपरेशन थांबवा. हा मलेरिया आहे," मी सर्जनना म्हणाले. मला धाप लागली होती.

"या शहरात मलेरिया नाही. आणि पेशंट हे शहर सोडून कुठे गेलेल्या नाहीत. मग आला कुठून?"

"माझ्याकडून. तुम्ही चढवलेलं रक्त माझं होतं. रक्तपेढीच्या फॉर्मवर 'मलेरिया झाला होता का' याला मी 'नाही' लिहिलं. त्यांच्या झटपट चाचणीला इतके थोडे जंतू सापडत नाहीत."

धाकटीच्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

धाकटीच्या बोटाच्या रक्ताची काच मीच केली. या वेळी शोधावं लागलं नाही, जिथे पाहावं तिथे आडवे पट्टे. सर्जननी स्वतः पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि सिस्टरला म्हणाले, "खाट वॉर्डात न्या."

ते गोळ्या लिहून गेल्यावर मी धाकटीला सगळं सांगितलं. वाटलं, तोंड फिरवेल.

"तुझे जुने फ्रॉक मला," ती म्हणाली. "जुनी पुस्तकं मला. आता तापसुद्धा तू वापरलेलाच?"

मला हसू आलं नाही. तासाभराने पोचले असते, तर तिच्या धडधाकट पोटावर दुसरी सुरी फिरली असती आणि ताप तसाच राहिला असता. पुढचा विचार मला करवेना.

सिस्टरने गोळ्यांची दोन पाकिटं आणली, एक तिच्यासाठी, एक माझ्यासाठी. मी ग्लास उचलला तर पाणी चादरीवर सांडायला लागलं. धाकटीने खालून ग्लासाला हात लावला. तिचा हात चटका बसेल इतका गरम होता.

"आधी तू घे," ती म्हणाली. "मोठी आहेस."